पिवळी गाडी, सोळा महिने आणि अडीच किलोमीटरची टेस्ट ड्राइव्ह

दिवाळी झाल्यापासून तीन आठवडे मी फक्त गाड्या बघत फिरत होतो. ऑफिस हिंजवडीला, घर बावधनला आणि मधे बाणेर-बालेवाडी, त्यामुळे संध्याकाळी घरी जाताना एखादं शोरूम व्हायचंच. बायको म्हणाली, "तू घे बाबा एकदाची, पण रोज नवीन कोटेशन आणून मला दाखवू नकोस."

गाडी कुठली आणि डीलर कोण हे लिहीत नाहीये, कारण मला कुणाशी भांडायचं नाहीये, जे तीन ठिकाणी बघितलं ते सांगायचंय. दोन लिटर टर्बो पेट्रोल, चार दारं, मागे आईबाबा नीट बसतील एवढी जागा आणि पाय दाबला की पाठ सीटला चिकटते अशी गाडी आहे. भारतातच जोडणी होते, पूर्ण बाहेरून येत नाही. एक्स-शोरूम ४८ लाख. माझ्यासाठी ही रक्कम खूप मोठी आहे, बारा वर्षं एसआयपी चालू आहेत त्या याच्यासाठीच, म्हणून प्रत्येक लाखाचा हिशोब मी वहीत मांडलाय.

हे वेड जुनं आहे. २०१६ च्या शेवटी फोक्सवॅगनची पोलो जीटीआय आपल्याकडे आली होती, तीन दारांची, १.८ लिटर, १९२ पीएस ताकद, अख्ख्या देशात ९९ गाड्या आणि किंमत २५.९९ लाख. मी फक्त बघायला गेलो होतो, सीटवर पाच मिनिटं बसलो, स्टिअरिंग धरलं आणि घरी आलो, चालवायला मागायची हिंमत झाली नाही. पुढे तीच गाडी १९.९९ लाखाला केली. एकदम सहा लाख कमी! फक्त ९९ गाड्या असूनही पहिल्या किमतीला त्या खपल्या नाहीत, आणि गाडी तीच, इंजिन तेच. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की शोरूममधल्या पाटीवरची किंमत ही गाडीची किंमत नसते, ती गाडी किती दिवस उभी आहे त्यावर खरी किंमत ठरते. पण तेव्हा आमच्या लग्नाचं आणि फ्लॅटचं कर्ज चालू होतं, त्यामुळे कळून उपयोग नव्हता.

आता यंदाचं. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला, या प्रकारच्या गाडीवर आधी २८ टक्के जीएसटी आणि वर २० टक्के सेस असा मिळून ४८ होता तो सरळ ४० झाला, सेस गेला. त्यामुळे किंमत पावणेतीन लाखांच्या आसपास खाली आली आणि मी म्हंटलं आता नाही तर कधीच नाही.

पहिल्या शोरूममध्ये गेलो. कॉफी दिली, एसी मस्त, सेल्सवाला मुलगा अगदी गोड बोलणारा. कोटेशन दिलं ते असं, एक्स-शोरूम ४८ लाख, आरटीओ ६ लाख २४ हजार, टीसीएस (विक्रेता आपल्याकडून आगाऊ घेतो तो आयकर) ४८ हजार, इन्शुरन्स २ लाख ८ हजार, एक्स्टेंडेड वॉरंटी ८५ हजार, एसेन्शियल किट ४२ हजार आणि हँडलिंग चार्जेस ३० हजार. टोटल ५८ लाख ३७ हजार. मी म्हंटलं यातलं सरकारचं किती आणि तुमचं किती ते सांग. तो म्हणाला, "सर, हे सगळं कंपल्सरी पॅकेज आहे."

नाहीये. आरटीओ खरा आहे, महाराष्ट्रात २० लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के वन टाइम टॅक्स लागतो, वैयक्तिक नावावर घेतली तर, आणि कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के, म्हणून जे लोक टॅक्स वाचेल म्हणून फर्मच्या नावावर घ्यायला जातात त्यांनी आधी हा फरक बघावा. टीसीएस पण खरा आहे, १० लाखांच्या वरच्या गाडीवर एक टक्का, पण तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना परत वळता करता येतो, म्हणजे तो खर्च नाहीच. इन्शुरन्स लागतो, नवीन गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी एकदमच घ्यावा लागतो हे पण खरं, पण तो याच डीलरकडून घ्यायची सक्ती नाही. मी त्याच रात्री तीच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि तेच झिरो डेप्रिसिएशन कव्हर (घसारा न कापता भरपाई देणारं) टाकून बाहेर बघितलं तर १ लाख ४१ हजार आला. ६७ हजारांचा फरक, तोही नुसता फोनवर दहा मिनिटं घालवून. किट म्हणजे मॅट, मडफ्लॅप, कारकव्हर आणि एक परफ्यूम. आणि हँडलिंग म्हणजे नेमकं काय हँडल केलं ते मला त्या शोरूममध्ये कुणीच सांगू शकलं नाही, मॅनेजरलाही विचारलं, तो म्हणाला यार्डातून गाडी आणायचा खर्च. ४८ लाखांची गाडी विकताना ती शोरूमपर्यंत आणायचे पैसे गिऱ्हाइकाने वेगळे द्यायचे हे मला पटत नाही, किराणावाला गोडाऊनमधून पोतं दुकानात आणल्याचे पैसे लावत नाही.

मग म्हंटलं, चालवून बघू दे. तर तो म्हणाला बुकिंग केलं की टेस्ट ड्राइव्ह अरेंज करतो. म्हणजे आधी लाखभर रुपये भरायचे आणि मग बघायचं आपल्याला आवडतीये का. मी उठलोच.

इथे एक सांगतो, काही गाड्यांच्या बाबतीत हे समजण्यासारखं आहे. २०२५ मध्येच फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय ५३ लाखांना आली, पहिल्या १५० गाड्या किंमत जाहीर व्हायच्या आधीच बुक झाल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस आली, ४९.९९ लाख, फक्त १००, त्याही लगेच गेल्या. तिथे डेमो गाडी कुठून ठेवणार, जे घेतात ते वर्षानुवर्षं त्या नावावर जीव लावून बसलेले असतात, त्यांना चालवून बघायची गरज वाटत नाही. पण जी गाडी संपलेली नाही, उलट यार्डात पडून आहे, तिला ही अट कशाला लावता? ज्या गाडीचं सगळं सुख चालवण्यात आहे ती चालवू द्यायची नाही, मग माणूस कागदावरचे आकडे बघून एसयूव्ही घेऊन जातो, आणि मग तुम्हीच म्हणणार की पुण्यात स्पोर्ट्स गाड्यांना मार्केट नाही.

मार्केट आहे हो. रविवारी सकाळी साडेसहाला चांदणी चौकात येऊन उभं राहा, मुळशीकडे किती आणि कुठल्या कुठल्या गाड्या जातात ते मोजा. आपल्या रांजणगावात फियाटने पुंटो अबार्थ बनवली होती, २०१५ मध्ये १४५ बीएचपी आणि किंमत दहा लाखांच्या आत, माझ्या मित्राने ती घेतली ती निव्वळ ताम्हिणीत एकदा दुसऱ्याच्या गाडीत बसून आला म्हणून. अजून आहे त्याच्याकडे, पार्ट शोधत फिरतो पण विकत नाही.

दुसऱ्या डीलरकडे गेलो तिथे टेस्ट ड्राइव्ह मिळाली. अडीच किलोमीटर! मी ओडोमीटर बघूनच निघालो होतो. शोरूममधून बाहेर, सर्व्हिस रोडने पुढे, यू टर्न आणि परत, संध्याकाळी सात वाजता, म्हणजे त्या रोडला दुचाकीसुद्धा धड पुढे सरकत नाही तेव्हा. गाडी सगळा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, शेजारी मुलगा स्क्रीनवर लाइटचे रंग कसे बदलतात ते दाखवतोय. मला ब्रेक कसे लागतात ते बघायचं होतं, स्पीडब्रेकरवर खाली घासते का ते बघायचं होतं, आमच्या सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प फार उभा आहे तिथे पुढचा बंपर टेकतो का ते बघायचं होतं. त्यातलं काहीच झालं नाही.

पण त्या डीलरने एक काम केलं, किंमत कमी करता येईल का विचारल्यावर म्हणाला, "सर, एक स्टॉक गाडी आहे, कलर चालत असेल तर बघा." आणि मला बायपासच्या पलीकडच्या यार्डात घेऊन गेला.

पिवळी. भडक नाही, जरा मोहरीकडे झुकणारा पिवळा, मला तर बघताक्षणी आवडली. पण उभी होती ती अवस्था बघून वाईट वाटलं. अंगावर धुळीचा आणि पावसाचा मिळून थर बसलेला, ब्रेक डिस्कवर लालसर गंज, छतावर पक्ष्यांची घाण, बॅटरी उतरलेली म्हणून मागून जंप स्टार्ट आणला. बाबा बरोबर होते, ते टेल्कोत म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये पस्तीस वर्षं होते त्यामुळे ते गाडीच्या रंगाकडे बघतच नाहीत, ते सरळ खाली बसले आणि टायरवरचा आकडा वाचला. प्रत्येक टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तिथे २२२४ होतं, म्हणजे २०२४ चा बाविसावा आठवडा. मग मी गाडीचा महिना विचारला तर मुलगा म्हणे २०२५ चंच मॉडेल आहे. मी म्हंटलं मॉडेल नको, मॅन्युफॅक्चरिंगचा महिना सांग, कारण फॉर्म २१ वर म्हणजे सेल सर्टिफिकेटवर तो लिहावाच लागतो आणि पुढे आरसीवरही तोच छापून येतो. मग फोन करून सांगितलं, जुलै २०२४. सोळा महिने.

घरी येऊन वही काढली. डीलर गाडी कंपनीकडून स्वतः विकत घेतो, बहुतेक वेळा बँकेच्या पैशाने, आणि गाडी विकेपर्यंत त्याचं व्याज चालू असतं. समजा त्याला ४५ लाखांना पडली आणि व्याज १० टक्के धरलं तर वर्षाला साडेचार लाख, महिन्याला साडेसदतीस हजार. सोळा महिन्यांचे सहा लाख. म्हणजे ती पिवळी गाडी नुसती उभी राहून सहा लाख खाऊन बसलीये, आणि शिवाय ती जुन्या टॅक्समध्ये घेतलेली, त्यावेळी भरलेला सेस अंगावर पडलाय असं तो मॅनेजर स्वतःच म्हणाला, कंपनीने त्यातलं किती भरून दिलं ते मात्र सांगेना. ही एका डीलरची गोष्ट नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये डीलर लोकांच्या संघटनेने म्हणजे फाडाने सांगितलं होतं की देशभरात ८० ते ८५ दिवसांचा स्टॉक साचलाय, जवळजवळ ७९ हजार कोटींच्या गाड्या, आणि त्यांच्या मते २१ दिवसांपेक्षा जास्त नसावा. त्यात सगळ्या प्रकारच्या गाड्या आल्या. मग जी गाडी महिन्यातून एखादी विकली जाते तिचं काय होत असेल.

मॅनेजरला मी विचारलं, हा रंग तुम्ही मागवला कशाला? तो म्हणाला मागवत नाही, येतो. चालणाऱ्या एसयूव्ही हव्या असतील तर त्याबरोबर न चालणारं पण उचलावं लागतं. मला त्या माणसाची दया आली हे खरं सांगतो. तो काही लबाड नाही, त्याच्यावर वरून गाडी ढकलली गेलीये आणि तो ती खाली ढकलायला बघतोय, आणि मधे ही गाडी सोळा महिने उन्हापावसात.

याच्यावर उपाय नाही असंही नाही. मर्सिडीजने, चाकणलाच कारखाना आहे त्यांचा, ऑक्टोबर २०२१ पासून भारतात पद्धतच बदलली, स्टॉक कंपनीच्या मालकीचा राहतो, सगळीकडे एकच किंमत, बिल कंपनी करते आणि डीलर गाडी दाखवायचं आणि द्यायचं काम करतो. घासाघीस करायची मजा गेली असं माझा एक मित्र म्हणतो, पण मला विचाराल तर मी ती मजा आनंदाने सोडून देईन, कारण पुण्यात एक भाव आणि नाशिकला दुसरा भाव कळल्यावर जी रात्रभर झोप लागत नाही ती मजा नसते.

असो. पिवळीवर पहिली ऑफर दोन लाखांची होती. मी व्याजाचा हिशोब दाखवला, वही समोर ठेवली, तिसऱ्या फेरीत ६ लाख २५ हजारांवर आले. आणि सूट बिलातच दाखवा म्हंटलं, एक्स्चेंज बोनस आणि फुकट अॅक्सेसरीजच्या रूपात नको, बिलातली किंमत कमी झाली की टीसीएस पण तेवढ्यावरच लागतो. त्यालाही हो म्हणाले. बाबा म्हणाले घे, टायर आणि बॅटरी बदलून माग. बायको म्हणाली रंग छान आहे. पण मी अजून ती गाडी धड चालवलेलीच नव्हती! अडीच किलोमीटरवर ४२ लाख कसे द्यायचे? मी म्हंटलं रविवारी सकाळी एक तास डेमो गाडी द्या, पेट्रोल मी भरतो, तुमचा माणूस बरोबर बसू दे. म्हणाले पॉलिसी नाही, फार तर परत तोच राउंड मारा. सहा लाख सोडायला तयार, पण एक तास सोडायला तयार नाहीत. हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तिसरा डीलर नगर रोडच्या बाजूचा, आमच्या घरापासून लांब, म्हणून शेवटी ठेवला होता. तिथल्या मॅनेजर बाई फोनवरच म्हणाल्या, "सकाळी सहाला गाडी तुमच्या घरी पाठवते, कुटुंबाला घेऊन बसा, घाटात नेऊन आणा, फक्त लायसन्सचा फोटो पाठवून ठेवा." मला दोनदा विचारावं लागलं.

रविवारी सहाला गाडी सोसायटीच्या गेटवर. पहिलं काम रॅम्प. चौघं बसलो, हळू उतरवली, बाबा पुढे जाऊन खाली वाकून बघत होते, बोटभर जागा राहिली, तिरकी घेतली तर दोन बोटं. बायकोने पण एकदा उतरवून चढवून बघितली. मग चांदणी चौक, भूगाव, पिरंगुटचा घाट. भूगावातल्या स्पीडब्रेकरवर एका ठिकाणी घासली, चार माणसं असताना, तेही मला हवंच होतं कळायला. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये वळण घेऊन बाहेर पडताना पाय दाबला आणि आई मागून म्हणाली, "अरे, विमानात बसल्यासारखं झालं." आई एकदाच बसलीये विमानात. ब्रेक एकदा मुद्दाम जोरात मारून बघितले, रस्ता मागेपुढे मोकळा बघून, सरळ रेषेत थांबली. पावसाने उखडलेल्या पट्ट्यावर सस्पेन्शन कडक वाटलं, बाबांच्या कमरेला ते जाणवलं, त्यांनी सांगितलं पण. बरोबर आलेला मुलगा सगळा वेळ शांत बसला होता, विचारलं तेवढंच बोलला. ४६ किलोमीटर झाले.

खरं सांगायचं तर पहिल्या पाच मिनिटांत ठरलं होतं, बाकीचे ४५ किलोमीटर मी फक्त तोटे शोधत होतो.

मग किमतीचं बोलणं. मी त्या बाईंना पिवळीचा आकडा सरळ सांगितला, लपवलं नाही. त्यांच्याकडेही एक उभी गाडी होती, राखाडी, डिसेंबर २०२४ ची, अकरा महिने झालेली, ती यार्डात का होईना छपराखाली होती. त्या म्हणाल्या पावणेपाच लाख, त्याच्या खाली मला जमणार नाही, हँडलिंग काढते, किट काढते, इन्शुरन्स तुम्ही कुठूनही घ्या. म्हणजे पिवळीपेक्षा दीड लाखाने महाग. माझ्या हिशोबाने अकरा महिन्यांचं व्याज सव्वाचार लाखांच्या आत येतं, त्यामुळे आकडा मला वाजवी वाटला.

मित्रांनी वेड्यात काढलं. टेस्ट ड्राइव्ह इथे घ्यायची आणि गाडी तिथून उचलायची, सगळे तेच करतात, म्हणे. मला ते जमलं नाही. ज्यांनी मला गाडी कळू दिली, सकाळी सहाला माणूस उठवून पाठवला, त्यांच्याकडूनच घ्यायची असं माझं आणि बायकोचं एकमत झालं, आणि वर्ष जरी दोघींचं २०२४ च असलं तरी पाच महिन्यांनी ताजी आहे, उन्हात रापलेली नाही, हे दीड लाखातलं थोडं तरी भरून काढतं.

रजिस्ट्रेशनच्या आधी पीडीआयला, म्हणजे ताबा घेण्याआधीच्या तपासणीला, मी आणि बाबा दोन तास होतो. चेसिस नंबर कागदाशी जुळवला, ओडो ३१ किलोमीटर, काचांवरचे नंबर सगळे सारखे, बॉनेटखाली उंदराने काही कुरतडलंय का ते टॉर्च लावून बघितलं, सगळ्या खिडक्या, सनरूफ, एसी अर्धा तास चालू ठेवून. बॅटरी त्यांनी न सांगता नवीन टाकली होती. टायर मात्र तेच आहेत, अकरा महिने एका जागी वजन घेऊन उभे राहिलेले.

गाडी येऊन नऊ दिवस झालेत. सकाळी निघालं की पहिले दोन-तीन किलोमीटर डाव्या मागच्या बाजूने धप धप असा बारीक आवाज येतो, मग टायर गरम झाला की जातो. बाबा म्हणतात टायर एका जागी चपटा झालाय, बसेल हळूहळू. मी बाईंना फोन केला, त्या म्हणाल्या शुक्रवारी आणा, मशीनवर लावून बघू आणि नाही बसला तर दोन्ही मागचे बदलून देते. शुक्रवारी अर्धा दिवस रजा टाकलीये.